सीजे-३बी जीप: ब्रेकच्या कामाच्या नोंदी

२ फेब्रुवारी

मागचे दोन्ही हब अखेर सुटले. या जीपच्या मागच्या अ‍ॅक्सलचं टोक निमुळतं आहे. त्यावर हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) चावीसकट, म्हणजे दोघांच्या खाचेत बसणाऱ्या लोखंडी पट्टीसकट, आवळून बसतो आणि वर्षानुवर्षं न उघडलेला हब हातोडीला दाद देत नाही. हातोडी चालवूही नये, कारण मार थेट बेअरिंगला जातो. पुलर (हब ओढून काढायचं अवजार) लावून ताण दिला आणि तो ताण तसाच ठेवून रात्रभर सोडून दिलं. सकाळी पुलरचा बोल्ट जेमतेम पाव आटा पिळला तर बंदुकीसारखा बार झाला आणि हब मोकळा. अ‍ॅक्सलचा नट काढून न टाकता दोन-तीन आट्यांवर ठेवला होता, त्यानेच हबला अडवलं. नट पूर्ण काढून हे काम कुणीही करू नये. सुटणारा हब समोर उभ्या माणसाकडे पाहत नाही.

आत पाहिलं तर डावीकडचे लायनर (ब्रेक शूवरचे घर्षणाचे पट्टे) तेलात भिजलेले. अ‍ॅक्सलचं तेल अडवणारं सील गेलंय. उजवीकडचे कोरडे आहेत, पण व्हील सिलिंडरच्या (ऑइलच्या दाबाने शू ड्रमकडे ढकलणाऱ्या सिलिंडरच्या) रबरी टोपीखालून ब्रेक ऑइल झिरपून बॅकप्लेटचा रंग सोलून गेलाय. ड्रम (शू ज्याला आतून घासतात ती चाकाबरोबर फिरणारी डबी) मोजले. मूळ माप ९ इंच, म्हणजे २२८.६ मिमी. डावा २२९.३, उजवा २२९.५. व्यासात साधारण दीड मिमीपर्यंत वाढ चालते, त्यामुळे लेथवर हलका हात मारून दोन्ही ड्रम वाचतील. ही पहिली चांगली बातमी.

६ फेब्रुवारी

चारही व्हील सिलिंडर खोलले. पुढचे १ इंची बोअरचे (आतल्या भोकाच्या व्यासाचे), मागचे पाऊण इंची. एकाही सिलिंडरमधला पिस्टन बोटाने हलला नाही. ग्रीस गनच्या दाबाने ढकलून बाहेर काढले. हवेच्या दाबाने काढायचा मोह होतो, पण अडकलेला पिस्टन हवेने सुटला की गोळीसारखा उडतो. ग्रीसने तो निमूट सरकत बाहेर येतो.

आत भिंतीला खड्डे आहेत. बोअरच्या तळाशी, जिथे पाणी साचून राहिलं, तिथे नखाला लागतील इतके खोल. नेहमीचं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट ३ या प्रतीचं ऑइल नवं असताना २०५ अंशांच्या खाली उकळत नाही, ओलावा मुरलेल्यासाठी मर्यादा १४० अंशांवर येते. चालत्या गाडीत हे उकळण्याचं दुखणं. उभ्या गाडीत तेच पाणी तळाशी बसून ओतीव लोखंड खात राहतं. ही जीप बराच काळ उभी होती, त्यामुळे हे अपेक्षितच होतं, पण खड्डे पाहून जीव खालीवर झाला. होनिंगने (आतून घासून गुळगुळीत करून) निघतील असे ते नाहीत.

नवे सिलिंडर मागवले. ड्रम लेथवर दिले, रिम ब्लास्टिंगला (वाळूच्या माऱ्याने रंग-गंज काढायला). स्टार्टर खोलायला दिला. एकदम सगळं बाहेर देऊन टाकलंय. महिनाभरात चाकं जमिनीवर टेकावीत असा हिशोब आहे.

१७ फेब्रुवारी

आजचा दिवस सविस्तर लिहून ठेवते. पुढे कधी हे काम काढणाऱ्याला उपयोग होईल.

सकाळी बाहेर पडताना यादी साधी होती: सिलिंडर घ्यायचे, ड्रम उचलायचे, रिम उचलायच्या, स्टार्टर घ्यायचा, पुढच्या ब्रेकच्या रबरी नळ्या आणि तांब्याचे वायसर आणायचे. परत येऊन निदान मागची बाजू बसवायला घ्यायची.

आधी सुट्या भागांच्या दुकानात. सिलिंडर आले होते. पाकिटावर गाडीचं नाव बरोबर, दिसायला तंतोतंत, ओतीवकाम स्वच्छ. जुन्या पाइपचा तुकडा नटासकट सोबत नेला होता, तो काउंटरवरच बसवून पाहिला. नट बोटाने अगदी सहज आत गेला. इतका सहज की तिथेच शंका आली. पाइप धरून हलवलं तर नट आतल्या आत डुगडुगत होता. आणखी थोडा पिळल्यावर घट्ट लागला, आणि दुकानदार म्हणाला, "बसतंय ना ताई, मग काय? पाना लावून आवळा, चालून जाईल."

थ्रेड गेज (आटे मोजायचं माप) पिशवीत होता. जीपचे आटे इंची: ३/८ इंच व्यास, इंचाला २४ आटे. नव्या सिलिंडरचे आटे मिलिमीटरमधले: १० मिमी व्यास, १ मिमी अंतर. आता ३/८ इंच म्हणजे ९.५२५ मिमी, आणि इंचाला २४ म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर १.०५८ मिमी. दोन्ही आकडे इतके जवळ आहेत की नट आत जातो, फिरतो, शेवटी लागतोही. पण भोकापेक्षा नट जवळपास अर्ध्या मिलिमीटरने बारीक असल्यामुळे आटा निम्म्याच उंचीवर पकडतो. नट अजिबात गेला नसता तर भीती नव्हती. तो जातो, हाच धोका आहे.

मग टॉर्चने भोकाच्या तळाशी पाहिलं. जुन्या सिलिंडरमध्ये तळाला बाहेर आलेला शंकू आहे, त्यावर पाइपचं दुहेरी मुडपलेलं फूल (उमलवलेलं टोक) टोपीसारखं बसतं. नव्यात तिथे खळगा आहे. तो बुडबुड्याच्या आकाराच्या टोकासाठी केलेला असतो. म्हणजे आटे कसेबसे धरले असते तरी तोंडाला तोंड जुळलं नसतं. कुणालाही हे तपासायचं असेल तर गेजचीसुद्धा गरज नाही. टॉर्च मारा, तळाला उंचवटा आहे की खळगा तेवढं बघा.

एवढ्यावर भागलं नाही. व्हर्नियर काढलाच होता म्हणून बोअरही मोजला. मागच्या सिलिंडरचा २० मिमी निघाला, हवा होता पाऊण इंच, १९.०५. एक मिलिमीटर पण नाही, असं वाटतं. पण जोर क्षेत्रफळावर ठरतो आणि क्षेत्रफळ वर्गाने वाढतं. मागच्या चाकांना १० टक्के जास्त जोर मिळाला असता. ८० इंची व्हीलबेसची, आखूड, मागून हलकी गाडी. जोरात ब्रेक दाबला की वजन पुढे जातं आणि मागची चाकं आधी घसरायला टेकलेलीच असतात. त्यांना आणखी जोर देणं म्हणजे ओल्या रस्त्यावर गाडी आडवी करणं.

दुकानदाराशी भांडले नाही. त्याने पाकिटावरचं नाव वाचून माल मागवला होता. पण "जुनी जीप आहे, पळून पळून किती पळणार" हे त्याचं म्हणणं मला मान्य नाही. थांबायचं प्रत्येक गाडीला असतं. माल परत केला. मूळ आट्यांचे सिलिंडर मागवतो म्हणाला, कधी येतील ते सांगत नाही.

एक उपाय त्याने सुचवला तो वाईट नव्हता: पाइपच्या टोकांना मिलिमीटरचे नट घालून बुडबुड्याचं टोक काढायचं, म्हणजे पुढचे सिलिंडर तरी वापरता येतील. तांत्रिकदृष्ट्या चालेल. तरी मी नाही म्हणाले. एकाच गाडीत दोन मापांचे नट झाले की पुढच्या वेळी गाडी खोलणारा माणूस, कदाचित अंधारात, कदाचित रस्त्याच्या कडेला, हाताला येईल तो नट लावणार. आणि तो नट जाणार. मघाशी गेला तसाच.

तिथून लेथवर. ड्रम जसे दिले होते तसेच कोपऱ्यात. कुठल्याशा पंपाचा मोठा शाफ्ट लेथवर चढलेला होता आणि तो उतरेपर्यंत काही होणार नव्हतं. राग आला होता, पण लेथवाल्या काकांनी मशीन न थांबवता जे सांगितलं त्यापुढे राग टिकला नाही. ड्रम हबला स्टडने ठोकून बसवलेला आहे, म्हणून तो हबसकट, हबच्या निमुळत्या भोकावर केंद्र धरूनच फिरवायला हवा. नुसता ड्रमच्या कडेला जबड्यात धरून फिरवला तर आतला गोल छान होईल, पण अ‍ॅक्सलच्या मानाने तिरका होईल आणि पेडल पायाखाली धडधडेल. त्यासाठी त्या निमुळत्या मापाचा मँड्रेल (हब लेथवर धरायचा दांडा) त्यांनी स्वतःहून करायला घेतला होता. "ताई, घाई असेल तर घेऊन जा, कुणीही अर्ध्या तासात करून देईल. मी करीन तो असाच करीन." ड्रम तिथेच ठेवले.

सिलिंडरची कहाणी सांगितली तेव्हा त्यांनी जुने सिलिंडर मागितले. पिशवीत होतेच. उजेडाकडे धरून आत पाहिलं, बाहेरून भिंतीची जाडी चाचपली आणि म्हणाले, "हे का टाकताय? स्लीव्ह मारू." बोअर मोठा करायचा, त्यात पितळेची नळी दाबून बसवायची, आणि नळी आतून मूळ मापाला आणायची. आटे मूळचेच राहतात, शंकू मूळचा, माप मूळचं. पितळ गंजत नाही, त्यामुळे पुन्हा उभी राहिली तरी हे खड्डे पडायचे नाहीत. दिवसभरात ऐकलेलं हे पहिलं शहाणपणाचं वाक्य. चारही सिलिंडर त्यांच्याकडे दिले. वेळ लागेल हे त्यांनी आधीच सांगितलं.

ब्लास्टिंगच्या ठिकाणी रिम तयार होत्या, आणि तिथेच मन सर्वांत जास्त मोडलं. ब्लास्ट करून लगेच प्रायमर मारायचा असं ठरलं होतं. ब्लास्टिंग आदल्या दिवशी उरकलेलं, प्रायमर मारलेलाच नव्हता, रिम रात्रभर उघड्या. वाळूच्या माऱ्याने लोखंड उघडं पडतं, खरखरीत होतं, आणि अशा पृष्ठभागाला ओलावा लगेच धरतो. करड्या चमकदार धातूवर सगळीकडे तांबूस झाक आली होती. मधल्या तबकडीच्या आणि बाहेरच्या कडीच्या जोडावर तर रंग चांगलाच गडद. हाताळणाऱ्यांच्या बोटांचे ठसेसुद्धा गंजात उमटलेले, पाचही बोटं मोजता यावीत असे. तिथला माणूस म्हणाला, "एका रात्रीत काय होतंय, यावरच मारा प्रायमर, चालून जाईल." यावर मारलेला प्रायमर लोखंडाला धरत नाही, गंजाला धरतो, आणि गंज सुटला की त्याच्यासोबत सुटतो. पुन्हा हलका ब्लास्ट मारून द्यायला ते तयार नव्हते, गर्दी होती. रिम तशाच गाडीत टाकल्या.

स्टार्टर झाला नाही. बुश बसलेत, ब्रश नाहीत. ६ व्होल्टचा आहे, १२ चा करून टाका असा सल्ला मिळाला. सध्या नको. तेवढ्याच कामाला ६ व्होल्टमध्ये दुप्पट करंट लागतो, त्यामुळे त्याच तारेत चौपट शक्ती वाया जाते. उपाय जाड केबल आणि स्वच्छ अर्थिंग. तेवढं केलं की ६ व्होल्टवर हे इंजिन उत्तम सुरू होतं.

रबरी नळ्या मात्र मिळाल्या, आटे बरोबर, तोंडं बरोबर, बनल्याची तारीख अलीकडची. जुन्या नळ्या बाहेरून धडधाकट दिसत होत्या. एक आडवी कापून पाहिली: आतलं रबर फुगून भोक टाचणीएवढं उरलेलं. अशा नळीतून पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं, पण परत येत नाही, आणि पाय काढला तरी चाक धरून राहतं. लोक मग स्प्रिंगला दोष देतात, ड्रमला देतात. जुन्या गाडीत नळी बाहेरून बघून ठेवू नये, बदलून टाकावी.

परतल्यावर हात धुवून आधी हिशोब मांडला, कारण दुकानातला वाद डोक्यातून जात नव्हता. पायाचा जोर ५० किलो, पेडलचा रेशो सहास एक धरला तर मास्टर सिलिंडरवर (पेडलने दाबला जाऊन चारही चाकांकडे ऑइल ढकलणाऱ्या सिलिंडरवर) ३०० किलो. त्याचा बोअर १ इंच, क्षेत्रफळ साधारण ५.०७ चौरस सेंमी. म्हणजे पाइपमध्ये दर चौरस सेंमीला ५९ किलो दाब. टायरमधल्या हवेच्या तीसेक पट. आणि या गाडीला ब्रेकचं एकच सर्किट. एक जोड सुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. त्या निम्म्या पकडलेल्या आट्यावर हा दाब आला असता.

मागची बाजू आज बसली नाही. सकाळच्या यादीतल्या नीट अशा फक्त नळ्या आणि वायसर हातात आहेत. चिडचिड आहे, ती नोंदवते. एवढा मोठा सांगाडा, इंजिन, गिअर सगळं तयार असताना नखाएवढ्या नटाच्या आट्याने दिवस खाल्ला. पण काही ढकलून पुढे नेलं असतं असं आजच्या दिवसात एकही काम दिसत नाही.

१८ फेब्रुवारी

सकाळी पहिलं काम रिम. वायर ब्रशने आणि खरखरीत पॉलिश पेपरने तांबूसपणा काढला, जोडाच्या खाचेत फॉस्फोरिक अ‍ॅसिडवालं गंजरोधक ब्रशने भरलं, धुतलं, हीट गनने वाळवलं, आणि लोखंड कोमट असतानाच इपॉक्सी प्रायमर मारला. रबरी मोजे शेवटपर्यंत काढले नाहीत. पाचवी, स्टेपनीची रिम, उद्यावर ढकलायचा विचार आला होता. मारून टाकली.

दुपारी पाइप. जुने लोखंडी पाइप चेसिसच्या क्लिपखाली गंजून पातळ झाले होते. नवे कॉपर-निकेलचे: तांबं नव्वदच्या आसपास टक्के, बाकी बहुतेक निकेल. हाताने वाकतो, गंजत नाही. निव्वळ तांब्याचा पाइप वापरू नये, थरथरीने तो कडक होऊन चिरतो. दुहेरी फुलं काढताना पाइप आधी चौकोनी कापून आतून-बाहेरून धार मारून घेतली, टोकाला ब्रेक ऑइलचा थेंब लावला. पहिल्या दाबात टोक फुगतं, दुसऱ्या दाबात ते आत दुमडून दुहेरी होतं. फूल मधोमध नसेल तर तो तुकडा कापून पुन्हा करायचा. प्रत्येक टोक भिंगाखाली पाहून मगच पुढे गेले. चेसिसवरचा लांब पाइप जुन्याच्या वळणावर वळण ठेवून वाकवला. तो सायलेन्सरपासून लांब का नेला होता हे वाकवताना समजलं.

२७ फेब्रुवारी

ड्रम आले. डायल गेज लावून फिरवून पाहिले, काटा जेमतेम थरथरतो. काकांचा मँड्रेल सार्थकी लागला. डावा आता २२९.६, उजवा २२९.८, मर्यादेच्या आत. नवे लायनर रिबेट मारून बसवले. सुरुवात मधल्या रिबेटपासून, मग आळीपाळीने दोन्ही टोकांकडे. टोकाकडून सुरू केलं की लायनर मध्ये उचललेला राहतो आणि ब्रेक अर्धवट टेकतो. अ‍ॅक्सलची दोन्ही सीलंही नवी घातली.

तीन सिलिंडर स्लीव्ह होऊन आले आणि ते पाहताच सगळी वाट पाहणं विसरायला झालं. बाहेरून तेच जुनं, ठोकलेलं, आकडे कोरलेलं ओतीव लोखंड, आणि आत पिवळी धमक भिंत, आरशासारखी. तरी पिस्टन घालायच्या आधी एक गोष्ट तपासली: ऑइल आत येण्याचं भोक स्लीव्हमधून नव्याने पाडलेलं असतं, आणि त्याच्या आतल्या काठाला ड्रिलची फुंडी (धातूची बारीक धारदार कड) उरते. डोळ्याला दिसत नाही. कापसाचा बोळा आतून फिरवला तर एका सिलिंडरमध्ये त्याचा एक धागा अडकला. तिथून पिस्टनचा, ऑइल अडवणारा रबरी कप ढकलला असता तर ओठ कापला गेला असता आणि सगळं जोडून, ऑइल भरून झाल्यावर गळती कळली असती. लाकडी दांड्याला बारीक पॉलिश पेपर गुंडाळून काठ मारला, स्पिरिटने धुतलं, पुन्हा बोळा फिरवला. आता काही अडकत नाही. कप ब्रेक ऑइल लावूनच बसवले. इंजिन ऑइल किंवा ग्रीस लागलं तर हे रबर फुगतं. खड्डेवाले सिलिंडर खोलताना वापरलेली ग्रीसही म्हणूनच कणभर ठेवली नव्हती.

चौथा सिलिंडर, उजव्या मागच्या चाकाचा, आला नाही. बोअर मोठा करताना ओतकामातली पोकळी उघडी पडली, भिंतीत बाजूला सुईच्या टोकाएवढं भोक. काकांनी स्लीव्ह मारून ते झाकलं असतं तर मला कळलंही नसतं. त्यांनी तसं केलं नाही. भोकाभोवती खडूने गोल करून सिलिंडर परत दिला आणि त्याच्या कामाचं काहीही घेतलं नाही.

३ मार्च

तीन चाकांचे ब्रेक बसले. शू, स्प्रिंगा, शूचं अंतर जुळवणारे एक्सेंट्रिक अ‍ॅडजस्टर सगळे मोकळे फिरतात. पण एकच सर्किट असल्यामुळे चौथ्याशिवाय ऑइल भरता येत नाही, हवा काढता येत नाही, मास्टर सिलिंडरचा पुशरॉडही (पेडलकडून येणारा दांडा) नीट लावून बघता येत नाही. पाइपच्या उघड्या टोकांना टोप्या लावल्या, मास्टर सिलिंडरचं झाकण बंद केलं, म्हणजे ओलावा शिरणार नाही. ऑइलचे डबेही सीलबंदच ठेवलेत.

दुकानातून निरोप आला: मूळ आट्यांचा मागचा एक सिलिंडर सापडलाय, जुन्या साठ्यातला. फोनवरच आटे, तळाचा उंचवटा आणि बोअर विचारले. फोटो पाठवायला सांगितला. त्याने व्हर्नियर लावून फोटो पाठवला, १९.०५. आट्यांवर गेजही धरला होता, न सांगता. जुन्या साठ्यातल्या सिलिंडरमधलं रबर कडक झालेलं असणार, म्हणून कप वेगळे मागवले.

तोवर हँडब्रेक. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीच्या) मागे प्रॉपेलर शाफ्टवर त्याचा वेगळा ड्रम आहे. ट्रान्सफर केसचं मागचं सील गळलं की तेल थेट त्या ड्रममध्ये उतरतं, आणि खाली पाहिलं तर बॅकप्लेटच्या तळाला थेंब लटकलाय. उद्या शाफ्ट सोडवून ड्रम काढायचा, सीलचं माप घ्यायचं, आणि ते मागवण्याआधी शाफ्टवर सीलच्या ओठाने खाच पाडली आहे का ते नखाने पाहायचं. खाच असेल तर पुन्हा लेथवर.